बालकांमधील पक्षाघात : वेळेवर न ओळखला जाणारा आजार

पक्षाघात म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साठी-सत्तरी ओलांडलेली व्यक्ती उभी राहते. रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे व्यसन, रक्तातील चरबी अशा ज्या ज्या गोष्टींशी आपण या आजाराचा संबंध जोडतो, त्या साऱ्या प्रौढ वयातील आहेत. त्यामुळे दीड वर्षाच्या मुलाचा एक हात सकाळी उठल्यावर लुळा पडलेला दिसला, तर पक्षाघाताची शंका घरात सहसा कोणाच्या मनात येत नाही. हात मुरगळला असेल, खांदा निखळला असेल, झोपेत अंगाखाली दबला असेल, असे तर्क केले जातात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. बंगालमध्येही मुलाच्या अचानक उद्भवलेल्या दुखण्याला 'बाताश लागा', म्हणजे वारा लागणे, असे म्हटले जाते. दोष वाऱ्याला दिला की पहिली धाव मांत्रिकाकडे किंवा हाडवैद्याकडे जाते, आणि ज्या तासांत काही करता आले असते ते तास निघून जातात.

मूल पक्षाघातातून जगले तर पुढची साठ-सत्तर वर्षे त्याला त्या शरीरासह काढावयाची असतात. प्रौढ रुग्णाच्या बाबतीत हा हिशेब वेगळा असतो. म्हणून संख्येने कमी असला तरी या आजाराकडे दुर्मीळ म्हणून दुर्लक्ष करणे योग्य नाही. जगभरच्या निरनिराळ्या अभ्यासांनुसार दर लाख मुलांमागे वर्षाला दोन-तीनपासून तेरापर्यंत मुलांना पक्षाघात होतो. नवजात अर्भकांमध्ये हे प्रमाण कितीतरी अधिक, म्हणजे साधारणपणे दोन ते पाच हजार जन्मांमागे एक, इतके आढळते. काही अलीकडच्या अभ्यासांत ते याहूनही जास्त दिसले आहे.

कोलकात्यातील घरोघरची पाहणी

भारतात पक्षाघाताविषयी जी थोडी विश्वसनीय लोकसंख्याधिष्ठित माहिती उपलब्ध आहे, तिच्यात कोलकाता शहराचा वाटा मोठा आहे. बांगूर इन्स्टिट्यूट ऑफ न्यूरोसायन्सेसचे डॉ. श्यामल कुमार दास, डॉ. तपस कुमार बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ पासून शहरातील झोपडपट्टी व बिगर-झोपडपट्टी अशा दोन्ही प्रकारच्या वस्त्यांत घरोघर जाऊन ५२,३७७ व्यक्तींची पाहणी केली. रुग्णालयात येणाऱ्यांची नोंद ठेवणे आणि वस्तीत जाऊन रुग्ण शोधणे यांत मूलभूत फरक आहे. रुग्णालयाची वही फक्त पोहोचलेल्यांविषयी सांगते; न पोहोचलेल्यांची माहिती दार ठोठावल्याशिवाय मिळत नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शहरात दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १४५ नवे रुग्ण आढळले आणि पक्षाघात झालेल्यांपैकी ४१ टक्के रुग्ण तीस दिवसांच्या आत दगावले. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत मृत्यूचे हे प्रमाण फार मोठे आहे.

याच लोकसमूहातील मुले व किशोरवयीनांच्या मज्जासंस्थेच्या विकारांवर २००९ साली 'इंडियन जर्नल ऑफ पेडियाट्रिक्स'मध्ये स्वतंत्र लेख प्रसिद्ध झाला. हे नियतकालिक १९३३ साली कोलकात्यातच डॉ. के. सी. चौधुरी यांनी सुरू केले होते. पुढे त्यांनीच या शहरात इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थची स्थापना केली. बालरोग ही वैद्यकाची वेगळी शाखा आहे, ही जाणीवच देशात नवी असताना या शहराने ती जोपासली, हे येथे नमूद करणे अगत्याचे वाटते.

मुलांच्या मेंदूत नेमके काय घडते

प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के असते, परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू तो एकटाच वापरतो. वाढत्या मुलाच्या मेंदूची भूक याहून मोठी असते. साठा करून ठेवण्याची सोय मेंदूत नाही. रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांतच पेशी मरू लागतात.

हा पुरवठा दोन प्रकारे खंडित होतो. धमनीत गुठळी अडकली किंवा धमनी अरुंद झाली तर पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात रक्तवाहिनी फुटते आणि मेंदूत रक्तस्राव होतो. प्रौढांमध्ये बहुसंख्य पक्षाघात पहिल्या प्रकारचे असतात. मुलांमध्ये मात्र हे दोन्ही प्रकार जवळजवळ समान प्रमाणात आढळतात. घरात मोठ्यांसाठी आणलेली ॲस्पिरिनची गोळी मुलाला देण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर ही गोष्ट आठवावी. रक्तस्राव झालेला असेल तर ती गोळी घातक ठरेल, आणि रक्तस्राव आहे की नाही हे मेंदूची छायाचित्रे पाहिल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही.

याखेरीज तिसरा प्रकार आहे तो मेंदूतून अशुद्ध रक्त बाहेर नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होण्याचा. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले, त्यात मूल आधीच रक्तक्षयी असले, की रक्त दाट होऊन या शिरा तुंबू शकतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कोलकात्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने हजारो जीव वाचविले. त्या द्रावणाकडे आपण केवळ अतिसारावरील उपाय म्हणून पाहतो. वेळेवर पाजलेले क्षार-संजीवनीचे पाणी मेंदूच्या शिरांचेही रक्षण करते, हे फारसे कोणी सांगत नाही.

पाळण्यातला 'डावखुरा'

नवजात अर्भकाच्या पक्षाघाताची कहाणी निराळी आहे. प्रसूतीच्या काळात आईचे व बाळाचे रक्त गोठण्याकडे अधिक झुकलेले असते. नाळेतून सुटलेली एखादी बारीक गुठळी बाळाच्या मेंदूत जाऊन अडकते. काही बाळांना पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येतात. हे झटके संपूर्ण शरीराला न येता बहुधा एकाच हाताला वा पायाला येतात, म्हणून बाळ दचकले असे समजून सोडून दिले जाते. इतर अनेक बाळांमध्ये तर काहीच दिसत नाही. ती दूध पितात, हसतात, वजनही वाढते.

मग चौथ्या-पाचव्या महिन्यात बाळ खुळखुळ्याकडे हात नेऊ लागते आणि नेहमी एकच हात नेते. दुसरी मूठ मिटलेली, अंगठा आत दुमडलेला. घरातील वडीलधारी मंडळी कौतुकाने म्हणतात, बाळ डावखुरे होणार. वस्तुतः पहिल्या वर्षात निरोगी बाळ दोन्ही हात सारखेच वापरते. उजवा किंवा डावा हात पसंत करण्याची सवय त्यानंतर हळूहळू लागते. म्हणून वर्षाच्या आतील मूल एकाच हाताने खेळत असेल, तर त्याला डावखुरे न समजता दुसऱ्या हाताची तपासणी करून घ्यावी. दुर्दैवाने अशी मुले दवाखान्यात येतात ती बहुधा चालायला लागल्यावर, पाय ओढत चालतो या तक्रारीने. तोपर्यंत मेंदूची सर्वाधिक लवचीक असलेली वर्षे उलटलेली असतात. ही खूण ओळखण्यास कोणतेही यंत्र लागत नाही, अंगणवाडी सेविकेला ती पाच मिनिटांत शिकविता येते. आपल्या प्रशिक्षण पुस्तिकांत तिला ठळक जागा मिळावयास हवी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

जन्मानंतर काही आठवड्यांनी होणारा मेंदूतील रक्तस्राव हा आणखी एक टाळता येण्याजोगा प्रकार. बाळाच्या शरीरात 'के' जीवनसत्त्वाचा साठा अत्यल्प असतो आणि आईच्या दुधातूनही ते फारसे मिळत नाही. जन्मतःच त्याचे एक इंजेक्शन (सामान्य वजनाच्या बाळास एक मिलिग्रॅम) दिले की हा धोका जवळजवळ संपतो. घरी झालेल्या प्रसूतीत हेच इंजेक्शन राहून जाते.

कारणांचा शोध

मोठ्या मुलांमध्ये कारणांची यादी लांब आहे, पण आपल्याकडे त्यातील काही विशेष महत्त्वाची आहेत. जन्मजात हृदयविकार, विशेषतः ओठ व नखे निळी पडणारी मुले, तसेच घशाच्या संसर्गानंतर होणाऱ्या संधिवाताच्या तापामुळे झडपा खराब झालेली मुले यांच्या हृदयातून गुठळी मेंदूकडे जाऊ शकते. कांजिण्या होऊन गेल्यावर काही महिन्यांनी मेंदूच्या धमनीला सूज येऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे आहेत. आई-वडील त्या दोन घटनांचा संबंध लावत नाहीत आणि डॉक्टरांनी विचारल्याशिवाय कांजिण्यांचा उल्लेखही करीत नाहीत.

रक्तक्षयाकडे तर आपण इतके सरावलो आहोत की त्याला आजार मानणेही सोडून दिले आहे. टोरंटो येथील २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एरवी निरोगी असलेल्या पण पक्षाघात झालेल्या लहान मुलांमध्ये लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय असण्याची शक्यता इतर निरोगी मुलांच्या तुलनेत दहापट आढळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी देशात ६७ टक्के, तर पश्चिम बंगाल व महाराष्ट्रात प्रत्येकी सुमारे ६९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. ही दोन माहितीपत्रे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे लोहाच्या औषधाच्या बाटलीचे मोल कळते.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या परिचयाचा एक प्रकार म्हणजे किरकोळ पडण्यानंतरचा पक्षाघात. सहा महिने ते दीड-दोन वर्षांचे मूल खाटेवरून किंवा बसल्या जागेवरून पडते, डोक्याला टेंगूळही येत नाही, आणि काही मिनिटांत वा तासांत एक बाजू लुळी पडते. अशा मुलांच्या मेंदूच्या खोल भागातील बारीक धमन्यांच्या भिंतींवर कॅल्शियमचे कण साचलेले सीटी स्कॅनमध्ये दिसतात. हैदराबाद येथील तज्ज्ञांनी २०१४ मध्ये अशा मुलांची मालिकाच प्रसिद्ध केली. यातील बहुतेक मुले चांगली सुधारतात. मूल पडले याचा दोष आईला देण्याची आपली रीत या बाबतीत विशेष अन्यायाची आहे. असे पडणे प्रत्येक घरात घडते. फरक त्या मुलाच्या धमन्यांत असतो.

मोयामोया या चमत्कारिक नावाचा विकार जपानी डॉक्टरांनी १९५७ साली प्रथम वर्णिला. यात मेंदूला रक्त पुरविणाऱ्या मुख्य धमन्या हळूहळू बंद होत जातात आणि त्यांच्याऐवजी बारीक वाहिन्यांचे जाळे तयार होते. चित्रात ते जाळे धुराच्या लोटासारखे दिसते, म्हणून हे जपानी नाव. अशा मुलांना थोडा वेळ हात लुळा पडणे, बोबडी वळणे असे त्रास होतात आणि ते आपोआप थांबतात. जोराने रडल्यावर, गरम खाण्यावर फुंकर घातल्यावर किंवा फुगा फुगविल्यावर हे होते, कारण भराभर श्वास सोडल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या धमन्या आकसतात. बंगाली घरात शंख फुंकणाऱ्या मुलीचा हात गळून पडला तर त्याचे कारण याच नियमात शोधावे लागेल. शस्त्रक्रियेने टाळूकडील धमनी मेंदूच्या पृष्ठभागाशी जोडून अशा मुलांचा पुढचा पक्षाघात टाळता येतो. म्हणून 'आपोआप बरे झाले' या समाधानावर थांबू नये.

तापानंतर लुळेपणा

आपल्या देशात पक्षाघात व मेंदूचे संसर्ग यांच्यात सरळ सीमारेषा आखता येत नाही. क्षयरोगाच्या मेंदूज्वरात मेंदूच्या तळाशी चिकट द्राव साचतो आणि त्यातून जाणाऱ्या धमन्या सुजून बंद होतात. दोन-तीन आठवडे बारीक ताप, चिडचिड, भूक मंदावणे, सकाळच्या उलट्या आणि मग एके दिवशी तोंड वाकडे व हातपाय लुळे, असा त्याचा क्रम असतो. जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस फुप्फुसाच्या क्षयापासून मोठेपणी फारसे संरक्षण देत नाही हे खरे. पण बालकांना या भयंकर मेंदूज्वरापासून ती बऱ्याच अंशी वाचविते, आणि तेवढ्यासाठीच ती चुकवू नये.

जपानी मेंदूज्वराची भारतातील पहिली मोठी साथ १९७३ साली पश्चिम बंगालमधील बांकुरा व बर्धमान या भातशेतीच्या जिल्ह्यांत आली. त्यातून वाचलेल्या मुलांमध्ये हातापायांचा ताठरपणा, कंप, बोलण्यातील दोष असे परिणाम दीर्घकाळ राहतात. २००६ मध्ये चार राज्यांतील ज्या अकरा जिल्ह्यांत या आजाराविरुद्ध लसीकरण मोहीम सुरू झाली, त्यांत बर्धमानचा समावेश होता.

महाराष्ट्राच्या वाचकांना याहून जवळचे नाव चांदिपुरा विषाणूचे. नागपूरजवळच्या गावावरून १९६५ मध्ये त्याचे नामकरण झाले. २००३ सालच्या उन्हाळा-पावसाळ्यात आंध्र प्रदेशातील साथीत ३२९ मुले आजारी पडली व १८३ दगावली. विदर्भातही रुग्ण आढळले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने या विषाणूवर बोट ठेवले. हैदराबादच्या काही बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे मात्र असे होते की, लक्षणे इतक्या झपाट्याने येतात आणि काही मुलांच्या स्कॅनमध्ये धमनीच्या क्षेत्रातील बिघाड दिसतो, त्यावरून हा साधा मेंदूज्वर नसून मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरील आघात असावा. वाद तज्ज्ञांचा असला तरी त्याचे तात्पर्य व्यवहारी आहे : तापासह एक बाजू लुळी पडली तर केवळ तापाचा उपचार पुरेसा नाही.

सिकलसेल आणि रोखता येणारा पक्षाघात

मुलांमधील पक्षाघात आधीच ओळखून टाळण्यात वैद्यकाला सर्वांत मोठे यश मिळाले ते सिकलसेल रक्तक्षयात. या आनुवंशिक विकारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन वाहिन्यांत अडकतात व मेंदूच्या धमन्यांचे अस्तर खराब करतात. अमेरिकेतील पाहणीनुसार, प्रतिबंधक उपाय न केल्यास सिकलसेलच्या तीव्र प्रकाराच्या सुमारे दहा-अकरा टक्के रुग्णांना वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पक्षाघात होत असे. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण जास्त असल्याने आजार सौम्य असतो असे म्हटले जाई; विदर्भातील बालरुग्णांच्या अनुभवाने ते सरसकट खरे नसल्याचे दाखविले आहे.

धमनी अरुंद झाली की तिच्यातून रक्त अधिक वेगाने वाहते. नळीचे तोंड बोटाने दाबले की पाणी जोराने उडते, तसेच. कानशिलावर यंत्र ठेवून ध्वनिलहरींच्या साहाय्याने हा वेग मोजता येतो. सुई नाही, वेदना नाही, भूल नाही. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर वा त्याहून अधिक असेल तर धोका मोठा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत अशा १३० मुलांचा अभ्यास झाला. नियमित रक्त दिलेल्या गटात पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण तब्बल ९२ टक्क्यांनी घटले. रक्त देणे आयुष्यभर चालविणे आपल्याकडे कठीण. शरीरात लोह साचते ते वेगळेच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले की, धमन्यांची अवस्था फारशी बिघडलेली नसेल तर वर्षभर रक्त दिल्यानंतर हायड्रॉक्सियुरिया या तोंडावाटे घ्यायच्या औषधावरही मुलांना सुरक्षितपणे आणता येते.

नागपूर परिसरात सिकलसेलची नोंद १९५८ इतकी जुनी आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नंदुरबार या जिल्ह्यांत आदिवासी व अनुसूचित जातींच्या वस्त्यांत तो घर करून आहे. राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट असून, त्यात समाविष्ट १७ राज्यांत महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल दोन्ही आहेत. रक्ततपासणीत आजार निष्पन्न झालेल्या दोन ते सोळा वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या मेंदूतील रक्तवेग वर्षातून एकदा मोजला गेला, तरच त्या तपासणीचा मुलाला खरा लाभ. कार्ड हातात देऊन थांबलो तर आपण केवळ त्याच्या आजाराची मोजदाद केली असे होईल.

पहिले तास

लक्षणे कोणती? चेहऱ्याची एक बाजू ओघळणे, एक हात वा पाय अचानक निकामी होणे, बोलणे अडखळणे किंवा समजेनासे होणे, ही मोठ्यांसारखीच. मुलांमध्ये त्याबरोबर झटके, तीव्र डोकेदुखी, उलट्या, गुंगी, तोल जाणे हीसुद्धा पहिली लक्षणे असू शकतात. एकाच बाजूला आलेला झटका आणि नंतर त्याच बाजूची कमजोरी ही अपस्मारातही काही तास टिकते व आपोआप जाते. अर्धशिशीतही क्वचित असे होते. रक्तातील साखर घसरल्यानेही होते. म्हणूनच निदान चुकते, आणि प्रगत देशांतही मुलांच्या पक्षाघाताचे निदान होण्यास पुष्कळदा एक दिवसाहून अधिक वेळ जातो. 'थांबून पाहू' या सल्ल्याला येथे जागा नाही.

मुलाला कुशीवर झोपवावे. तोंडात पाणी, दूध, औषध काहीही घालू नये, कारण गिळता येत नसल्यास ते श्वासनलिकेत जाते. झटका आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा वा चप्पल धरणे, दातांत चमचा घालणे हे प्रकार निरुपयोगी आणि घातक आहेत. मूल शेवटचे पूर्णपणे ठीक कधी दिसले ती वेळ लिहून ठेवावी. डॉक्टर प्रथम तीच विचारतील. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून सीटी वा एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. लहान दवाखान्यांच्या पायऱ्या चढत-उतरत वेळ घालवू नये.

गुठळी विरघळविणारे जे औषध प्रौढांना साडेचार तासांच्या आत देतात, त्याची मुलांतील सुरक्षितता अजून पुरेशी सिद्ध झालेली नाही. त्यासाठी आखलेली आंतरराष्ट्रीय चाचणी पुरेशी मुले वेळेत न पोहोचल्याने २०१३ मध्ये बंद करावी लागली. उशिराचा प्रश्न केवळ भारताचा नाही, हे यावरून दिसेल. मोठ्या धमनीतील गुठळी नळीने बाहेर काढण्याचे तंत्र निवडक मुलांमध्ये उपयोगी ठरत असल्याचे युरोप-अमेरिकेतील २०१९ नंतरच्या अनुभवांतून पुढे आले आहे. बहुसंख्य मुलांसाठी मात्र उपचार म्हणजे प्राणवायू, साखर व ताप यांवर नियंत्रण, झटके थांबविणे, योग्य मात्रेत रक्त पातळ ठेवणारे औषध आणि मूळ कारणाचा शोध. हे सारे जिल्हा रुग्णालयातही होऊ शकते. पश्चिम बंगालमध्ये बांगूर इन्स्टिट्यूटमधील तज्ज्ञांना जिल्ह्यांतील रुग्णालयांशी दूरसंपर्काने जोडून पक्षाघाताच्या रुग्णांवर तेथल्या तेथे उपचार करण्याची व्यवस्था उभी राहिली आहे. ती प्रामुख्याने प्रौढांसाठी असली, तरी मुलांसाठीही तोच मार्ग अनुकरणीय आहे.

नंतरची वर्षे

जगलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांना काही ना काही वैगुण्य राहते. हात, चालणे, बोलणे ही वैगुण्ये दिसतात. लक्ष न लागणे, लवकर थकणे, हिशेबात अडखळणे ही दिसत नाहीत आणि शाळेत 'आळशी' म्हणून खपतात. येथे मराठीतील एका गोंधळाचा उल्लेख करणे भाग आहे. 'सेरेब्रल पाल्सी'ला आपण 'मेंदूचा पक्षाघात' म्हणतो, त्यामुळे हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात. सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला गर्भात, जन्मवेळी वा त्यानंतर लवकरच झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारा कायमचा दोष. जन्माच्या सुमारास झालेला पक्षाघात हे त्याच्या अनेक कारणांपैकी एक आहे.

अशा मुलांसाठी १९७२ मध्ये मुंबईत डॉ. मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्याच प्रेरणेने १९७४ मध्ये डॉ. सुधा कौल यांनी कोलकात्यात कार्य सुरू केले. तीच संस्था आज तारातला मार्गावर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी म्हणून ओळखली जाते. शहराच्या उत्तरेस बी. टी. रोडवर बनहुगली येथे केंद्र शासनाची अस्थिव्यंगांसाठीची राष्ट्रीय संस्था १९७८ पासून आहे. उपचारतज्ज्ञ तयार करणे व साधने पुरविणे ही तिची मुख्य कामे.

लुळ्या हातासाठी आज सर्वाधिक पुरावा असलेली पद्धत ऐकायला कठोर वाटते. चांगला हात दिवसातील काही तास हातमोजा वा झोळी घालून बांधून ठेवायचा आणि काही आठवडे मुलाला दुर्बळ हातानेच खेळवायचे. कणकेचा गोळा तिंबणे, ताटातील चुरमुरे एकेक उचलणे, डब्याचे झाकण उघडणे, पत्ते उलटणे या साधनांना पैसा पडत नाही. लागतो तो वेळ, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या आईकडे नेमका तोच नसतो. पुनर्वसन घरीच करा, असे सांगताना ही गोष्ट विसरता कामा नये.

शासकीय पातळीवर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघर येथून सुरू झाला. अंगणवाडी व शाळेत येणाऱ्या पथकाकडून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि गरजूंना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविणे अशी त्याची रचना आहे. एका हाताने खेळणाऱ्या बाळाला नेण्याचे ठिकाण हेच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील 'निरामय' योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो, आणि त्यातून उपचारपद्धतींचा नियमित खर्चही भागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस झाले. सेरेब्रल पाल्सी, दीर्घकालीन मज्जाविकार व सिकलसेल हे तिन्ही त्यांत आहेत. चाळीस टक्क्यांहून कमी नसलेल्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळालेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत विनामूल्य शिक्षणाचा, तर पुढे उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागांचा लाभ घेता येतो.

कायद्याच्या या शब्दांना वजन आले ते काही व्यक्तींच्या लढ्यामुळे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिकलेल्या व कोलकात्याच्या उपरोक्त संस्थेत कार्यरत असलेल्या जीजा घोष १९ फेब्रुवारी २०१२ रोजी गोव्यातील एका आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी कोलकात्याहून विमानात बसल्या होत्या. उड्डाणापूर्वी, केवळ त्यांच्या अपंगत्वाकडे पाहून त्यांना खाली उतरविण्यात आले. परिषदेतील त्यांची जागा रिकामी राहिली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १२ मे २०१६ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री व न्यायमूर्ती आर. के. अग्रवाल यांच्या पीठाने विमान कंपनीस दहा लाख रुपये भरपाई दोन महिन्यांच्या आत देण्याचा आदेश दिला.